अमराठी सहकाऱ्यांसाठी मराठी गाण्यांची प्लेलिस्ट कशी करावी

पुण्या-मुंबईच्या ऑफिसात आज एकाच टीममध्ये बंगाली, कानडी, तमिळ, पंजाबी अशी सगळी मंडळी असतात. जेवणाच्या टेबलावर गाण्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘झिंगाट’ सोडून मराठीत ऐकण्यासारखं काय आहे? आपण उत्साहाने चार नावं सांगतो, समोरचा मान हलवतो आणि संध्याकाळपर्यंत ती विसरतो. त्यापेक्षा त्याच्या हातात तासाभराची नीट लावलेली गाणी द्यावीत. तुम्ही पहिल्यांदाच असं काही करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: गाणं ऐकणाऱ्याच्या ओळखीचं नसलं तरी चालेल, पण त्या गाण्यात त्याच्या ओळखीचं काहीतरी हवं. गायकाचा आवाज, चाल, एखादं वाद्य, काहीही. पुढे सांगितलेलं जवळजवळ सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आधी ऐकणारे कोण आणि ऐकणार कधी

कागद घ्या आणि टीममधल्या माणसांची नावं लिहा. प्रत्येकासमोर तो कुठला आणि एरवी काय ऐकतो, हे दोन शब्दांत टिपून ठेवा. माहीत नसेल तर चहाच्या वेळी विचारा, लोक आनंदाने सांगतात. पाच-सात माणसांसाठी प्लेलिस्ट करणं सोपं असतं. पन्नास जणांसाठी करायला गेलात, तर कुणालाच न खुपणारं आणि कुणालाच न भावणारं काहीतरी तयार होतं. म्हणून पहिली प्लेलिस्ट आपल्या जवळच्या टीमपुरतीच करा.

मग वेळेचा विचार. हिंजवडीच्या गर्दीत कंपनीच्या बसमध्ये बसलेला माणूस सलग तासभर ऐकू शकतो. कामाच्या वेळी हेडफोन लावून ऐकणारा मधूनमधून थांबतो, मीटिंगला जातो, परत येतो. दोघांनाही पुरेल असा बेत म्हणजे ५० ते ६० मिनिटं, म्हणजे बारा-तेरा गाणी. जुन्या साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला ३० मिनिटं बसायची आणि गाणी भरून देणारी माणसं त्या ३० मिनिटांत सुरुवात, मध्य आणि शेवट बसवायची. ते माप अजूनही कामाचं आहे. तासाभराची यादी मनात दोन बाजूंमध्ये विभागा, म्हणजे मधल्या गाण्यांकडे दुर्लक्ष होत नाही.

चाळीस गाणी लिहा, मग कापा

अॅप उघडण्याआधी आठवणीतून लिहा. अॅपमध्ये शोधायला बसलात, तर तेच तुम्हाला त्याच त्या दहा लोकप्रिय गाण्यांकडे ढकलत राहतं. भावगीतं, चित्रपटगीतं, कोळीगीतं, अभंग, नाट्यगीतं, लावण्या, अलीकडचं स्वतंत्र संगीत, जे आठवेल ते लिहा. चाळीस झाली की थांबा.

कापताना तीन चाळण्या लावा. पहिली: प्रत्येक गाण्यापुढे ‘हे मी यांना का ऐकवतोय’ याचं एका ओळीत उत्तर लिहा. ‘शाळेच्या गॅदरिंगमध्ये आम्ही यावर नाचलो होतो’ हे उत्तर खरं असलं तरी ते तुमच्यासाठी आहे, ऐकणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. असं एखादं गाणं ठेवायला हरकत नाही, फार नकोत. दुसरी चाळणी: एका आवाजाची जास्तीत जास्त दोन-तीन गाणी. मराठीत हा नियम पाळणं कठीण जातं, कारण लताबाई आणि आशाबाई यांच्या गाण्यांनीच यादी भरून जाते, तरीही पाळा. तिसरी चाळणी म्हणजे प्रत्येक गाणं आज, पुन्हा, शेवटपर्यंत ऐका. आठवणीत असतं ते ध्रुवपद आणि पहिलं कडवं. तिसऱ्या कडव्यात गाणं सैल पडतं का, मध्ये चित्रपटातले संवाद येतात का, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

ऑफिससाठी एक वेगळा विचारही करावा लागतो. द्व्यर्थी लावण्या, राजकीय रंगाची गाणी, कुणाच्या जातीधर्माला लागेल असं काहीही बाजूला ठेवा. घरच्या बैठकीत जे खपतं ते कामाच्या ठिकाणी एखाद्याला अवघड करून सोडतं आणि तो माणूस ते बोलूनही दाखवत नाही. अभंग मात्र वगळू नका, फक्त एक किंवा दोनच ठेवा.

ओळखीचा आवाज शोधा

हा भाग सर्वांत आनंदाचा आहे, त्याला भरपूर वेळ द्या. मराठी गाण्यांच्या बाबतीत आपलं भाग्य असं की बाहेरच्या कितीतरी मोठ्या गायकांनी मराठीत जीव ओतून गायलं आहे. त्यामुळे टीममधल्या जवळजवळ प्रत्येकासाठी ओळखीचा आवाज सापडतो.

बंगाली सहकारी असेल तर हेमंत कुमार. ‘मी डोलकर डोलकर दर्याचा राजा’ हे शांता शेळके यांनी लिहिलेलं आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेलं कोळीगीत त्यांनी लताबाईंबरोबर गायलं आहे. १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ मधलं ‘गोमू संगतीनं’ त्यांनी आशाबाईंबरोबर गायलं. कोलकात्याच्या माणसाला हा आवाज घरचा वाटतो आणि तोच आवाज कोकणच्या दर्यावर वल्ही मारताना ऐकला की तो दचकून तुमच्याकडे बघतो. मन्ना डे हवे असतील, तर ‘घन घन माला नभी दाटल्या’ आहे; पावसाळ्यात प्लेलिस्ट करत असाल तर त्याला पर्याय नाही.

उत्तरेकडच्या मंडळींसाठी रफी आणि किशोर. श्रीकांत ठाकरे यांनी रफीसाहेबांकडून जी मराठी गाणी गाऊन घेतली, त्यांतलं ‘हा छंद जिवाला लावी पिसे’ माझं अतिशय आवडतं आहे. किशोर कुमारांचं ‘अश्विनी ये ना’ हे १९८७ च्या ‘गंमत जंमत’ मधलं, अरुण पौडवाल यांच्या संगीतातलं. त्यातला खट्याळपणा कळायला भाषा यावी लागत नाही.

तमिळ मंडळींना हरिहरन आणि शंकर महादेवन सांगावेच लागत नाहीत. ‘जोगवा’ मधलं ‘जीव रंगला’ हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनी गायलं आहे. त्या चित्रपटासाठी दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि संगीतासाठी अजय-अतुल यांनाही मिळाला. एकाच गाण्यात एक तमिळ आणि एक बंगाली घरचा आवाज, तोही मराठी शब्दांत. टीमसाठी एवढं सोयीचं गाणं दुसरं मला माहीत नाही. शंकर महादेवन यांचं ‘अगं बाई अरेच्चा!’ मधलं ‘मन उधाण वाऱ्याचे’ तर पहिल्या ऐकण्यातच माणसाला धरून ठेवतं.

कानडी सहकाऱ्यासाठी पंडित भीमसेन जोशी. ते मूळचे गदग भागातले आणि आयुष्य काढलं पुण्यात. पुरंदरदासांचं ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ त्यांच्या आवाजात ज्याने लहानपणापासून ऐकलंय, त्याला ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ ऐकवा. विठ्ठल दोन्हीकडचाच आहे, वेगळं समजावून सांगायची गरज पडत नाही.

आवाज सापडला नाही तर चाल शोधा. ‘कोंबडी पळाली’ लावलं की हिंदी ऐकणारा माणूस दोन ओळींत ओरडतो, ‘अरे, हे तर चिकनी चमेली!’ २०१२ च्या ‘अग्निपथ’ साठी अजय-अतुल यांनी आपलीच चाल हिंदीत नेली होती. पण अशी गाणी यादीत एखाददुसरीच असू द्या. दहा मिनिटं नुसता ‘हे कुठल्या हिंदी गाण्यासारखं आहे’ असा खेळ झाला, तर मराठी गाणं मागेच राहतं.

क्रम लावणं

इथे बहुतेक लोक घाई करतात. जी गाणी निवडली ती ज्या क्रमाने सुचली त्याच क्रमाने टाकतात आणि पाठवून देतात. ऐकणारा तिसऱ्या गाण्यावर थांबला, तर दोष बहुधा तिसऱ्या गाण्याचा नसतो, त्याच्या जागेचा असतो.

पहिलं गाणं असं हवं की वीस-पंचवीस सेकंदांत आवाज सुरू होतो. लांबलचक वाद्यांची सुरुवात असलेली गाणी कितीही सुंदर असोत, त्यांची जागा मागे. पहिली दोन गाणी नव्या ध्वनिमुद्रणाची ठेवा, कारण हेडफोनमध्ये ती भरदार वाजतात आणि नव्या माणसाचा कान लगेच बसतो. मग हळूहळू मागे जा.

मागे जाताना एकदम उडी मारू नका. ‘सैराट’ च्या गाण्यांचा वाद्यवृंद हॉलीवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला आहे. त्याच्या पाठोपाठ १९६५ च्या ‘साधी माणसं’ मधलं ‘ऐरणीच्या देवा तुला’ आलं, तर त्या अप्रतिम गाण्यावर अन्याय होतो. आवाज बारीक आणि दूरचा वाटतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी बिघडलंय. दोघांच्या मध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकातली दोन-तीन गाणी ठेवली की कान आपोआप जुळवून घेतो. (त्या गाण्याबद्दल सहकाऱ्यांना जरूर सांगा: संगीतकार म्हणून नाव आहे आनंदघन, आणि आनंदघन म्हणजे स्वतः लता मंगेशकर.)

लयीचंही तसंच. दोन द्रुत गाण्यांनंतर एक मध्यलयीचं, मग एक संथ. सलग दोन विरहगीतं नकोत. संथ गाण्यांतलं सर्वांत जड गाणं साधारण दोन-तृतीयांश अंतरावर ठेवा. तिथवर जो पोचला तो मन लावून ऐकतोय हे नक्की. अभंग किंवा नाट्यगीत तिथेच शोभतं. मैफलीतलं लांब ध्वनिमुद्रण मात्र टाळा आणि ध्वनिमुद्रिकेवरचं छोटं रूप घ्या.

आता मी लावलेला एक क्रम सांगतो, तो बघून तुमचा तुम्ही लावा. सुरुवात ‘मन उधाण वाऱ्याचे’. त्यानंतर ‘दुनियादारी’ तलं ‘टिक टिक वाजते डोक्यात’, कारण सोनू निगमचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. मग ‘अश्विनी ये ना’, इथे पहिल्यांदा काळ मागे सरकतो, पण मस्तीत सरकतो. पुढे ‘गोमू संगतीनं’. तिथून ‘जैत रे जैत’ मधलं आशाबाईंचं ‘नभ उतरू आलं’: दोन्ही गाण्यांचे संगीतकार हृदयनाथ, दोन्हींत आशाबाई, फक्त समुद्रावरून आपण रानात येतो, महानोरांच्या शब्दांत. यानंतर रफी. मग ‘ऐरणीच्या देवा तुला’; आता कान जुन्या ध्वनीला सरावलेला असतो. त्याला लागून ‘घन घन माला’. इथे कॅसेटची पहिली बाजू संपली असं समजा. दुसरी बाजू ‘जीव रंगला’ ने उघडते, नव्या ध्वनीत परत येऊन. मग सुरेश भटांचं ‘केव्हातरी पहाटे’, यादीतलं सर्वांत हळवं. त्यानंतर भीमसेनजी. मग ‘सैराट’ मधलं ‘याड लागलं’. शेवटी ‘झिंगाट’, जे त्यांना आधीपासून माहीत आहे. पण इतकं सगळं ऐकून त्याच्यापर्यंत आल्यावर ते वेगळं लागतं.

शब्द न कळणाऱ्या माणसाला संथ गाणी लांब वाटतात, हे लक्षात ठेवा. म्हणून ‘केव्हातरी पहाटे’ च्या दोन्ही बाजूंना त्यांच्या ओळखीचे आवाज ठेवले आहेत.

अॅपमध्ये प्रत्यक्ष तयार करताना

कुठल्या अॅपवर करायची, हे बहुसंख्य सहकारी काय वापरतात त्यावर ठरवा. एकमत नसेल तर यूट्यूब, कारण ती लिंक कुणालाही उघडते. तोटा असा की मध्ये जाहिराती येतात आणि फुकट वापरणाऱ्याचा फोन लॉक झाला की गाणं थांबतं. स्पॉटिफाय किंवा जिओसावनवर ऐकणं सोयीचं, पण ते अॅप असायला हवं. मला विचाराल तर एकच प्लेलिस्ट दोन ठिकाणी बनवा; बारा-तेरा गाण्यांना फार वेळ लागत नाही.

यूट्यूबवर दृश्यमानता ‘अनलिस्टेड’ ठेवा. म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसते. ‘प्रायव्हेट’ ठेवलीत तर सहकाऱ्यांना उघडणारच नाही, आणि नवशिक्यांचं बहुतेक वेळा इथेच अडतं.

गाणं शोधताना जपून. मराठी गाण्यांची नावं रोमन लिपीत प्रत्येकाने वेगळी लिहिलेली असतात, त्यामुळे एका स्पेलिंगने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा, मग देवनागरीत शोधा, मग चित्रपटाच्या नावाने. सापडलं की गायकाचं नाव आणि लांबी तपासा. त्याच नावाची कव्हर, रीमिक्स, लोफाय, कराओके अशी रूपं पहिल्या पानावरच असतात. मूळ ध्वनिमुद्रणच घ्या. नव्या माणसाची या गाण्याशी ही पहिली भेट आहे, ती मूळ आवाजाशी व्हावी. यूट्यूबवर शक्यतो मूळ संगीत कंपनीच्या चॅनेलवरचंच निवडा, नाहीतर महिन्याभरात ते गायब होतं.

आवाजाची पातळी सारखी ठेवायची सोय स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये असते. यूट्यूब जोरात वाजणारी गाणी खाली आणतं, पण हळू वाजणारी वर नेत नाही, म्हणून तिथे जुन्या-नव्याची सरमिसळ करताना जास्त काळजी घ्या. एका गाण्यातून दुसऱ्यात विरघळत जाण्याची सोय स्पॉटिफायवर १२ सेकंदांपर्यंत मिळते, पण ते सेटिंग ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये असतं, तुमच्या प्लेलिस्टमध्ये नसतं. त्यावर अवलंबून क्रम लावू नका. आणि पाठवताना ‘शफल बंद करून ऐका’ एवढं लिहाच.

सगळं झालं की एकदा पूर्ण यादी सलग ऐका, तीही ज्या परिस्थितीत ते ऐकणार आहेत त्याच परिस्थितीत: बसमध्ये, साध्या हेडफोनवर. खोलीत शांतपणे छान वाटलेलं एखादं गाणं हॉर्नच्या आवाजात ऐकूच येत नाही. असं गाणं बदला.

फाइली पाठवू नका

एमपीथ्री फाइली गोळा करून व्हॉट्सॲपवर किंवा पेनड्राइव्हवर वाटायचा मोह होईल. नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६० साली निघालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो. तो गीतकार आणि संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. लिंक पाठवली की हा प्रश्न येत नाही आणि गाणं करणाऱ्यांना थोडा का होईना, त्यांचा वाटा जातो. ऑफिसच्या स्पीकरवर सगळ्यांसाठी लावायचं असेल, तर ती खासगी गोष्ट राहत नाही. त्यासाठी पीपीएल आणि आयपीआरएस यांसारख्या, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो. आपल्या ऑफिसकडे तो आहे का, हे अॅडमिनला आधी विचारा.

सोबत दोन ओळी लिहा

नुसती लिंक टाकली तर निम्मे लोक उघडत नाहीत. प्रत्येक गाण्याला एक ओळ लिहा, टीम ज्या भाषेत बोलते त्या भाषेत. स्पॉटिफायच्या वर्णनात ३०० अक्षरंच बसतात, म्हणून ही टिपणं मेसेजमध्येच द्या. अख्खं गाणं भाषांतरित करू नका. गाण्यात कोण कुणाशी बोलतंय आणि काय मागतंय, एवढं सांगितलं की पुरे:

‘ऐरणीच्या देवा तुला: लोहाराच्या घरची बाई ऐरणीला देव मानून तिची पूजा करते आहे. ठिणग्यांनाच फुलं समजून वाहते आहे.’

‘नभ उतरू आलं: पाऊस येण्याआधीचं भरून आलेलं आकाश आणि तितकीच भरून आलेली मुलगी.’

एवढं वाचून माणूस गाणं वेगळ्या कानांनी ऐकतो. ज्याच्यासाठी जे गाणं निवडलं त्याला ते वेगळं सांगा: ‘सातवं ऐकलंस का? तुझ्यासाठी टाकलंय.’ कंपनीच्या सर्वसाधारण ग्रुपवर प्लेलिस्ट टाकू नका, टीमच्या गप्पांच्या ग्रुपवर टाका. वेळ शुक्रवारी दुपारची चांगली. सोमवारी सकाळी आलेला मेसेज कामाच्या ढिगात जातो.

आठवड्याने ‘आवडली का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो, छान’ म्हणतील. ‘कुठलं गाणं पुढे ढकललंस?’ आणि ‘कुठलं परत लावलंस?’ असे दोन प्रश्न विचारा. उत्तरांत नाव आलेलं नसेल अशी गाणी पुढच्या वेळी काढून टाका.

आणि मग त्यांच्याकडून मागा. स्पॉटिफायवर एकाच प्लेलिस्टमध्ये अनेकांना गाणी घालता येतात. प्रत्येकाने आपल्या भाषेतली दोनच गाणी आणि त्यांची एकेक ओळ द्यायची, एवढा नियम ठेवा. टीममध्ये गोव्याचं कुणी असेल तर त्याच्याकडून ‘हांव सायबा पोलतडी वयतां’ नक्की घ्या. ‘बॉबी’ पाहिलेली सगळी मंडळी त्याची चाल ओळखतील. तुमचा बंगाली सहकारी हेमंत कुमारांचं कुठलं बंगाली गाणं देतो ते बघा, आणि ते ‘गोमू’ च्या शेजारी लावा.